दाढीनंतर गळ्यावर पुन्हा पुन्हा जळजळ होते? ब्लेड बदलण्याआधी हे तपासा

दुधारी ब्लेडच्या सेफ्टी रेझरने दाढी करू लागलेल्या मंडळींची एक तक्रार ठरलेली असते. सुरुवातीला दाढी छान होते, मग जबड्याच्या हाडाखाली लालसर पुरळ उठते आणि शर्टाची कॉलर घासली की चुणचुणते. ब्लेड बदलले की काही दिवस बरे वाटते आणि नंतर तोच त्रास पुन्हा सुरू होतो. मग दुसरे ब्लेड, मग त्याहून महाग ब्लेड, मग जपानी ब्लेड असे करत न्हाणीघरातल्या कपाटात अर्धवट वापरलेल्या पाकिटांची रास साचते आणि शेवटी बरेच जण कंटाळून काडतुसाच्या, म्हणजे पात्यांचे डोके (कार्ट्रिज) बदलायच्या, रेझरकडे परत जातात. या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा ब्लेडमध्ये नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या थोड्या वेळा ते खरोखर ब्लेडमध्ये असते, त्या वेळीही बाकीच्या गोष्टी स्थिर केल्याशिवाय ते ओळखता येत नाही.

जळजळ नेमकी कुठे होते, हे आधी ठरवले पाहिजे, कारण जागा कळली की कारण अर्धे सापडलेले असते. त्यासाठी लागणारी वस्तू किराणा दुकानात मिळते, ती म्हणजे तुरटी. सलूनमध्ये दाढी झाल्यावर कारागीर तुरटी फिरवतो ती रक्त थांबवण्यासाठी आणि कातडी आवळण्यासाठी, परंतु निदानासाठीही तिचा फार चांगला उपयोग होतो. दाढी झाल्यावर चेहरा गार पाण्याने धुवावा, तुरटीचा गुळगुळीत खडा ओला करून गाल, हनुवटी, ओठांवरचा भाग आणि गळा यांवरून हलक्या हाताने फिरवावा आणि क्षणभर थांबावे. जिथे कातडी खरवडली गेली आहे तिथे ती झोंबते, मग वरून काहीही दिसत नसले तरी. जिथे कातडी शाबूत आहे तिथे नुसता गारवा जाणवतो. अर्ध्या मिनिटात तुरटी धुऊन टाकावी, कारण ती जास्त वेळ राहिली तर त्वचा कोरडी पडते. हे सर्व आफ्टरशेव्ह लावण्याआधी करावे. मेन्थॉलचा थंडावा खऱ्या जळजळीला झाकून टाकतो, आणि मेन्थॉलयुक्त क्रीम वापरणाऱ्यांनी तर तपासणीच्या काळापुरते साधे क्रीम घेतलेले बरे. सलग काही दाढ्यांनंतर झोंबण्याच्या जागा कॅलेंडरवर नोंदवल्या की त्यांतला नमुना आपोआप दिसू लागतो.

फक्त गळ्यावर झोंबत असेल तर

गाल स्वच्छ आणि गळा मात्र लाल, अशी स्थिती असेल तर ब्लेड निर्दोष आहे असे धरून चालावे. ज्या धारेने गाल दुखावला नाही ती धार चार बोटे खाली गेल्यावर अचानक बोथट होत नाही. इथे दोष असतो तो रेझर ओढण्याच्या दिशेचा. गालांवरचे केस बहुतेकांच्या बाबतीत वरून खाली वाढतात, त्यामुळे वरून खाली रेझर ओढण्याची सवय लागते आणि तोच हात आपण गळ्यावरही चालवतो. गळ्यावर मात्र केसांचे वळण सरळ नसते. जबड्याखालच्या पट्ट्यात ते खाली वाढतात, कंठमण्याच्या खाली अनेकांचे केस उलटे, म्हणजे वर हनुवटीकडे वाढतात, कडेला ते कानाच्या दिशेने तिरपे जातात, आणि हे प्रवाह जिथे एकमेकांना भेटतात तिथे चक्क भोवरा तयार होतो. म्हणजे सुलट (केसांच्या दिशेने जाणारा) हात समजून आपण जो मारतो, तो गळ्याच्या खालच्या भागात पहिल्याच फेरीला उलटा हात असतो, आणि त्यानंतर दुसऱ्या फेरीत पुन्हा त्याच जागेवरून रेझर फिरतो.

यावरचा उपाय फुकट आहे. दीड-दोन दिवसांचे खुंट वाढलेले असताना आरशासमोर उभे राहून एक बोट गळ्यावरून वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे फिरवावे. ज्या दिशेने बोट सुरळीत सरकते ती सुलट दिशा आणि जिकडे खुंट टोचतात ती उलट. बोटाला नीट कळत नसेल तर कापसाचा बोळा फिरवावा, तो उलट दिशेला अडकतो. गळ्याचा एक कच्चा आराखडा कागदावर काढून त्यावर बाण काढावेत. हा उद्योग पोरकट वाटेल, परंतु डावा आणि उजवा गळा एकसारखा नसतो हे बहुतेकांना तेव्हाच पहिल्यांदा कळते. यानंतर काही आठवडे गळ्यावर पहिली फेरी काटेकोरपणे सुलट, दुसरी आडवी, आणि उलटी फेरी अजिबात नाही, असा नियम ठेवावा. गळा तुळतुळीत होणार नाही, हात फिरवल्यावर थोडे खरखरीत लागेल, पण दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला ते दिसत नाही. तुळतुळीतपणाचा हट्ट हा या छंदातला सर्वांत खर्चिक हट्ट आहे.

ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. कातडी फार ताणून उलटा हात मारला की केस कातडीच्या पातळीच्या खाली कापला जातो, कातडी सैल झाल्यावर त्याचे टोक आत जाते आणि वाढताना वळून कातडीतच शिरते. दोन-तीन दिवसांनी तिथे जी दुखरी पुटकुळी येते तिला लोक ‘ब्लेड लागले’ म्हणतात. अशा वेळी नवे, अधिक धारदार ब्लेड आणल्याने त्रास वाढतो, कारण धार जितकी चांगली तितका केस खोल कापला जाण्याची शक्यता अधिक.

दाब आणि कोन हे दोन दोषही गळ्यावरच आधी उघडे पडतात, कारण तिथली कातडी सैल असते. काडतुसाच्या रेझरला स्प्रिंग असते आणि तो दाबून चालवण्याची आपल्याला सवय झालेली असते. धातूच्या सेफ्टी रेझरचे वजन साधारण सत्तर ते शंभर ग्रॅम असते आणि तेवढे वजन केस कापायला पुरते. हाताने नुसती दिशा द्यायची असते. दांडी अगदी खालच्या टोकाशी, अंगठा आणि दोन बोटांत धरली की दाबता येतच नाही. कोनासाठी रेझरची टोपी गालावर सपाट टेकवावी, म्हणजे दांडी चेहऱ्यापासून जवळजवळ काटकोनात बाहेर येते, आणि मग दांडी हळूहळू खाली आणत जावे. ज्या क्षणी केस कापल्याचा खसखस आवाज सुरू होतो तोच आपला कोन. तो साधारण तीस अंशांचा भरतो, परंतु अंश मोजण्यापेक्षा कान देणे सोपे आहे. त्यासाठी नळ बंद ठेवावा आणि न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखाही.

एकाच बाजूला, किंवा रेझर उलटवला की

तुरटी फक्त उजव्या गालावर झोंबते, किंवा रेझरची एक धार मऊ लागते आणि दुसरी बोचते, अशी लक्षणे असतील तर ब्लेड रेझरमध्ये तिरके बसले आहे. तीन भागांच्या रेझरमध्ये टोपी, ब्लेड आणि तळपट्टी एकमेकांवर ठेवून दांडी फिरवली जाते, आणि फिरवताना ब्लेड केसभर सरकले तरी एका बाजूला धार जास्त बाहेर येते. दांडी घट्ट करताना टोपी आणि तळपट्टी यांची टोके, म्हणजे जिथे धार नसते त्या दोन आखूड बाजू, चिमटीत घट्ट धरून ठेवाव्यात. नंतर रेझर उजेडासमोर डोळ्यांच्या पातळीवर धरून दोन्ही बाजूंनी ब्लेडची चमकती रेघ पाहावी. ती दोन्हीकडे सारखी आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समांतर दिसली पाहिजे. फुलपाखरासारख्या दोन दारांच्या रेझरमध्ये हा दोष कमी असतो, परंतु तिथे दारांच्या बिजागरीत साबण साचून दार पूर्ण मिटत नाही आणि ब्लेड थरथरते.

काही ब्लेड आतल्या कागदाला मेणाच्या बारीक ठिपक्यांनी चिकटवलेली असतात. ब्लेड कागदातून काढले की त्याच्या सपाट भागावर ते ठिपके राहतात, आणि एखादा जाड ठिपका टोपीखाली आला तर ब्लेड सपाट बसत नाही. तो नखाने खरवडून काढावा. धारेला मात्र बोट, कापड, टिश्यू काहीही लावू नये, कारण धारेवर अत्यंत पातळ लेप असतो आणि तो पुसला गेला की नवे ब्लेड पहिल्याच दाढीला जुन्यासारखे वागते. ब्लेड नीट बसले असूनही एकाच गालावर त्रास होत असेल तर दोष मनगटाचा. उजव्या हाताने दाढी करणाऱ्याचे मनगट एका गालावर आपोआप वळते आणि कोन मोठा होतो. त्या गालापुरता हात बदलून पाहावा किंवा कोपर वर उचलावे.

उन्हाळ्यात परत येणारी जळजळ

दिवाळीत बरी असलेली दाढी एप्रिल-मेमध्ये पुन्हा बोचू लागते, असे सांगणारे बरेच जण भेटतात. घामाचा त्यात वाटा आहेच, परंतु पाण्याकडे लक्ष द्यावे. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात भूजल बेसॉल्टच्या खडकातून येते आणि ते बहुधा जड असते. धरणांतून येणारे पालिकेचे पाणी त्या मानाने मृदू असते. उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी मिसळू लागले की न्हाणीघरातले पाणी बदललेले असते, मात्र आपण दोष ब्लेडला देतो. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणजे पिण्यास योग्य असलेले पाणीही फेसासाठी अयोग्य असू शकते. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून चिकट साका बनतो. फेस होतो, पण दोन मिनिटांत बसतो, आणि रेझर दुसऱ्या फेरीला जवळजवळ कोरड्या कातडीवरून जातो.

तपासणीसाठी पारदर्शक बाटलीत पाणी अर्धे भरून त्यात अंगाच्या साध्या साबणाचा थोडा कीस टाकावा आणि बाटली हलवावी. डिटर्जंट वापरू नये, कारण त्याला जड पाण्यातही फेस येतो. वर टिकाऊ फेस आणि खाली बऱ्यापैकी स्वच्छ पाणी दिसले तर पाणी मृदू. फेस थोडा आणि पाणी दुधाळ, कडेला पांढरे कण, असे दिसले तर जड. उपाय एवढाच की ब्रश भिजवण्यासाठी आणि फेस करण्यासाठी स्वयंपाकघरातल्या फिल्टरचे वाटीभर पाणी घ्यावे. मात्र तो फिल्टर आरओ असला पाहिजे, नुसत्या यूव्ही फिल्टरने जंतू मरतात, कठीणता कमी होत नाही.

फेसाच्या बाबतीत दुकानातल्या जाहिरातींनी एक गैरसमज रुजवला आहे की तो पांढराशुभ्र आणि भरपूर असावा. रेझरसाठी उपयोगी फेस फेटलेल्या दह्यासारखा असतो, ओला, चकचकीत आणि बुडबुडे न दिसणारा. बदामाएवढे क्रीम पुरते. पाणी थेंबाथेंबाने वाढवत ब्रश चेहऱ्यावरच मिनिटभर फिरवावा. दाढी आंघोळीनंतर करावी, कारण केस पाणी पिऊन मऊ व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात आणि कोरडा केस कापायला कितीतरी अधिक जोर लागतो. घाईच्या सकाळी नेमके हेच गाळले जाते.

आता ब्लेड

वरचे सर्व करून झाल्यावर, म्हणजे दिशा, बसवणी आणि फेस स्थिर झाल्यावरही पहिल्याच हाताला केस ओढल्यासारखे वाटत असेल आणि तुरटी सगळीकडे सारखीच झोंबत असेल, तर दोष ब्लेडचा मानायला हरकत नाही. इथे सेफ्टी रेझरचा खरा लाभ कामाला येतो. किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळालेल्या या रचनेतले ब्लेड पुढे सर्वांनी स्वीकारले. सुरुवातीची तीन भोके जाऊन १९३० च्या सुमारास आजची लांब खाच आली, आणि आता सुमारे ४३ मिलिमीटर लांब, २२ मिलिमीटर रुंद आणि ०.१ मिलिमीटर जाड असे कोणत्याही देशाचे ब्लेड कोणत्याही दुधारी रेझरमध्ये बसते. काडतुसाच्या रेझरमध्ये कंपनी जे देईल ते घ्यावे लागते, इथे दोन-तीन रुपयांपासून सुरू होणाऱ्या ब्लेडमधून आपल्या केसांना मानवणारे निवडता येते.

ही ब्लेड एकसारखी दिसली तरी पोलाद, घासणी आणि लेप यांत ती वेगळी असतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेस पोलादाचे लेप दिलेले ब्लेड बाजारात आणले, तोपर्यंत कार्बन पोलादाची ब्लेड एक-दोन दाढ्यांत गंजत. आज धारेवर प्लॅटिनम किंवा क्रोमियम आणि त्यावर पीटीएफई, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असते तोच पदार्थ, असा थर असतो. पाकिटावर प्लॅटिनम लिहिले आहे म्हणून ब्लेड अधिक धारदार असते असे नाही. जपानचे फेदर सर्वांत धारदार म्हणून ओळखले जाते, तुर्कस्तानचे डर्बी सौम्य मानले जाते, हिरव्या पाकिटातले अ‍ॅस्ट्रा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळणारी सेव्हन ओ’क्लॉक, विल्किन्सन स्वोर्ड, टोपाझ यांपासून सुरुवात करणेच शहाणपणाचे, कारण जे ब्लेड मानवले ते उद्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळालेही पाहिजे.

संवेदनशील त्वचेला सौम्य ब्लेड हवे, ही समजूत सर्वांत जास्त नुकसान करते. राठ आणि दाट केसांवर कमी धारेचे ब्लेड केस कापण्याऐवजी ओढते, हात नकळत दाब वाढवतो, त्याच जागेवरून रेझर पुन्हा पुन्हा फिरतो आणि कातडी सोलवटते. अशा माणसाला सौम्य रेझर आणि धारदार ब्लेड ही जोडी बहुधा मानवते. रेझरची सौम्यता ठरते ती ब्लेड आणि कठडा (तळपट्टीची कातडीला टेकणारी कड) यांमधली फट आणि धार किती बाहेर डोकावते यांवरून. जर्मनीतल्या म्यूले कंपनीचे आर ८९ आणि आर ४१ हे रेझर दिसायला भावंडे वाटतात, पण पहिल्यात शिकाऊ माणूसही सुखाने दाढी करू शकतो आणि दुसरा, ज्याला कंगव्यासारखे दाते आहेत, तो अनुभवी हातालाही माफ करत नाही. केस विरळ आणि मऊ असतील तर धारदार ब्लेडची गरजच नसते. आक्रमक रेझरमध्ये अतिधारदार ब्लेड घालून सुरुवात करणाऱ्यांविषयी मी काही बोलत नाही.

ब्लेडची परीक्षा घेताना रेझर, क्रीम, पाणी आणि दाढीचे अंतर तेच ठेवावे. रोज दाढी करणारा माणूस एखाद्या आठवड्यात दोन दिवसांआड करू लागला तर ती परीक्षा बाद. चार-पाच प्रकारांचे एकेक पाकीट आणावे आणि प्रत्येक प्रकाराची किमान दोन ब्लेड वापरून पाहावीत, कारण एखादे ब्लेड सदोष निघू शकते. पहिल्या दाढीवरून निकाल देऊ नये. काही ब्लेड पहिल्या दिवशी कडक लागतात आणि दुसऱ्या दिवसापासून छान चालतात, तर काही पहिल्या दिवशी लोण्यासारखी असून तिसऱ्या दिवशी संपतात. तिसऱ्या दाढीला तुरटी काय म्हणते ते लिहून ठेवावे. बहुतेक ब्लेड तीन ते पाच दाढ्या देतात, राठ केसांना दोन-तीनच. त्यापुढे ब्लेड ताणणे म्हणजे दोन रुपये वाचवून आठवडाभर गळा चोळत बसणे.

ब्लेड तेलात बुडवून ठेवणे, तांदळाच्या डब्यात ठेवणे अशा युक्त्या सांगितल्या जातात. गंज टाळायला, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत, ब्लेड झटकून कोरडे ठेवणे योग्यच, परंतु धार केवळ गंजाने जात नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली सायन्स नियतकालिकात दाखवून दिले की पोलादाहून सुमारे पन्नास पट मऊ असलेला केस धारेला तिरपा आणि वाकून भिडला की, जिथे पोलादाची सूक्ष्म रचना एकसारखी नसते तिथे धारेचा कपचा उडवू शकतो. उडालेला कपचा तेलाने परत येत नाही.

आणखी एक कारण पटकन लक्षात येत नाही, ते म्हणजे प्रवास. ही ब्लेड विमानाच्या केबिन बॅगेत नेता येत नाहीत, त्यामुळे लोक हॉटेलमधल्या फुकट रेझरने दाढी करतात आणि घरी आल्यावर गळा लाल झालेला असतो. सामान चेक-इन करणार असाल तर ब्लेड त्यात टाकावीत, नाहीतर गावी पोहोचल्यावर पाकीट विकत घ्यावे, रेझर मात्र स्वतःचाच न्यावा.

हे सर्व पाळूनही तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, पुटकुळ्यांत पू होत असेल, गोल कडा असलेला खाजरा चट्टा दिसत असेल, किंवा क्रीम लावताक्षणीच, रेझर लागण्याआधी, आग होत असेल, तर प्रश्न रेझरचा उरत नाही. तो जंतुसंसर्ग, नायटा किंवा क्रीममधल्या सुगंधाची अ‍ॅलर्जी असू शकतो आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. औषधांच्या दुकानातून स्वतःहून स्टिरॉइडचे मलम आणून लावू नये, नायट्यावर ते लावले तर तो दबल्यासारखा वाटून पसरतो. डॉक्टरांकडे जाताना वापरातले क्रीम आणि आफ्टरशेव्ह सोबत न्यावे, आणि कातडी बरी होईपर्यंत ट्रिमरने एखादा मिलिमीटर खुंट राखून काम भागवावे.